दान नव्हे, रतीब

रक्तदान शिबिर संपले की एकच आकडा फलकावर चढतो: आज किती बाटल्या जमल्या. (बाटली हा आता नुसता शब्द उरला आहे. काचेच्या बाटल्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या येऊन कित्येक दशके झाली. जिभेवरून बाटली काही उतरत नाही.) कुठे तीनशे, कुठे पाचशे, कुठे मागच्या वर्षीपेक्षा पन्नास जास्त. या तीनशेंपैकी वर्षभरात किती जण पुन्हा आले, हा दुसरा आकडा मात्र कुणी मांडत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो मोजलेलाच नसतो. तरुणांना रक्तदानाकडे वळवण्याच्या खटाटोपात हा दुसरा आकडाच खरा, आणि पहिल्याच्या नादात आपण त्याचे नुकसान करतो, असे आमचे म्हणणे आहे.

शब्दही थोडा आड येतो. दान म्हटले की एकदा दिले, पुण्य पदरात पडले, विषय संपला. रक्ताची गरज तशी नसते. ती दुधासारखी असते: रोज लागते, फार दिवस साठवता येत नाही आणि आज दुप्पट आले म्हणून पुढच्या महिन्याचे भागत नाही. रक्ताला दान नको, रतीब हवा.

हिशेब साधा आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी) २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या तबकावर ठेवाव्या लागतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची मुदत पाच दिवसांची असते. गोठवलेला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्तातला पातळ भाग) तेवढा वर्षभर किंवा त्याहून जास्त राहतो. आता १४ जून हा दिवस घ्या. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा हा जन्मदिवस, आणि २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन. त्या दिवशी गावातल्या सगळ्या उत्साही मंडळींनी एकदम रक्त दिले, तर ३५ दिवसांच्या पिशव्यांची मुदत १९ जुलैला संपते. दोन रक्तदानांत १२ आठवड्यांचे अंतर ठेवायचे म्हटले तर हीच मंडळी पुन्हा रक्त देऊ शकतात ती ६ सप्टेंबरला. मधले सात आठवडे शीतकपाट रिकामे आणि दाते घरी. प्लेटलेटचे तर १९ जूनलाच आटोपलेले असते. ज्या उत्सवाने तुटवडा भागायचा तोच पुढच्या तुटवड्याची तारीख ठरवून जातो.

शिवाय एका दिवशी पाचशे पिशव्या आल्या तरी त्या हाताळणारी माणसे आणि यंत्रे तेवढीच असतात. प्लेटलेट वेगळ्या काढायच्या तर रक्त थंड न करता साधारण सहा ते आठ तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे पिशव्या गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, जावे लागते (काही देशांत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी काढण्याची पद्धत आहे, पण तिलाही वेगळी सोय लागते). यंत्रात एका वेळी जेमतेम आठ-बारा पिशव्या बसतात. वेळ उलटली की त्या पिशवीतून तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा मिळतो, प्लेटलेट वाया जातात. मोठ्या प्रौढाला लागणारी प्लेटलेटची एक मात्रा तयार करायला चार ते सहा पिशव्यांतल्या प्लेटलेट एकत्र कराव्या लागतात, हे लक्षात घेतले की या वाया जाण्याचा अर्थ कळतो.

याच्या उलट टोक म्हणजे फोनवर फिरणारे निरोप. ‘तातडीने ओ निगेटिव्ह हवे.’ निरोप चौथ्या दिवशीही फिरत असतो, रुग्ण तोवर घरी गेलेला असतो, किंवा नसतो. धावून येणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, पण त्या क्षणी काढलेले रक्त त्या क्षणी देता येत नाही. गट पुन्हा तपासायचा, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश यांच्या चाचण्या करायच्या, रुग्णाच्या रक्ताशी जुळवणी करायची; यात काही तास सहज जातात. अपघातात रक्तस्राव होणाऱ्याला वाचवते ते आधीच कपाटात असलेले रक्त. ते तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी, कुणाचाही चेहरा समोर नसताना दिलेले असते. आणि एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: सख्ख्या नातेवाइकाचे रक्त अधिक सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. जवळच्या नात्यात पेशींची ठेवण इतकी मिळतीजुळती असू शकते की दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच उलटतात. हे क्वचित घडते, पण घडले तर बहुधा जिवावर बेतते. म्हणून असे रक्त किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच द्यावे लागते.

थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते पाच आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते जन्मभर. त्याच्या आईवडिलांनी दर वेळी बदली दाता (मिळालेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा) शोधत फिरायचे की समोरच्या कपाटात पिशवी तयार असायची, हा सगळा प्रश्न रतिबाचा आहे.

मग तरुणच का? कारण रतीब घालणारे म्हातारे होत चालले आहेत. अमेरिकेत २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत १६ ते १८ वयाच्या मुलामुलींकडून येणारे रक्त सुमारे ६० टक्क्यांनी घटले आणि ६५ वर्षांपुढच्यांकडून येणारे सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. शाळा-महाविद्यालये महासाथीत बंद होती हे त्याचे एक मोठे कारण. पण त्यातून हेही दिसले की तरुणांचे रक्तदान त्यांच्या सवयीवर फारसे उभे नव्हते. शिबिर त्यांच्या वर्गापर्यंत येत होते म्हणून ते देत होते. शिबिर थांबले, तेही थांबले. विशीत सवय लागलेला दाता चाळीस वर्षे टिकू शकतो. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ मध्ये सुरुवात केली आणि २०१८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, वयोमर्यादेमुळे थांबले. एकूण ११७३ वेळा, बहुतेक प्लाझ्मा. त्यातल्या दुर्मीळ प्रतिपिंडापासून गर्भवतींसाठी अँटी-डी औषध (आईच्या आणि बाळाच्या रक्तगटातल्या तफावतीपासून बाळाला वाचवणारे) तयार होत असे. त्यांना सुईची धास्ती होती आणि सुई टोचताना ते कधी बघत नसत. त्यांची थोरवी सांगताना लोक प्रतिपिंडाबद्दल बोलतात. आम्हाला त्यांचा नियमितपणा जास्त मोलाचा वाटतो.

इथे अडचण अशी की ज्या वयावर आपली सगळी भिस्त, त्याच वयाच्या शरीराला रक्तदान सर्वांत जास्त जड जाते. पहिल्याच वेळी घेरी येण्याचे प्रमाण तरुणांत अधिक, मुलींत आणखी अधिक, आणि कमी वजनाच्या मुलींत सर्वांत अधिक. जो पहिल्या वेळी पडला तो दुसऱ्यांदा येण्याची शक्यता बरीच घटते, आणि त्याला पडताना ज्यांनी पाहिले त्यांचीही. एकाच सभागृहात एकाला भोवळ आली की पाठोपाठ दोघा-तिघांना येते, हे शिबिरात काम करणारा कुणीही सांगेल. म्हणून भोवळ टाळणे हे केवळ वैद्यकीय काम मानू नये. नियमित दाते घडवण्याची सुरुवात तिथूनच होते.

भोवळ का येते? ५० किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात किलोमागे सुमारे ६५ मिलिलिटर धरले तर सव्वातीन लिटर रक्त असते. ४५० मिलिलिटर काढले की जवळजवळ १४ टक्के गेले. ८० किलोच्या पुरुषात, किलोमागे ७० धरले तर, हेच प्रमाण ८ टक्के भरते. दोघांना एकच पिशवी लावणे हा अन्याय आहे, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी कमी वजनाच्या दात्यांसाठी ३५० मिलिलिटरची पिशवी असते. मात्र ४५० च्या पिशवीत ३५० घेऊन थांबायचे, असा जुगाड चालत नाही. पिशवीत रक्त गोठू न देणारे द्रावण मोजून भरलेले असते: ४५० साठी ६३ मिलिलिटर, ३५० साठी ४९. रक्त कमी पडले तर द्रावणाचे प्रमाण चढते आणि पिशवी वेगळी काढावी लागते किंवा टाकावी लागते. पिशवीची निवड वजनकाट्यावरच व्हायला हवी, खाटेवर नाही.

घटलेल्या रक्ताइतकाच दोष भीतीचा असतो. मनावर ताण आला की आधी नाडी वाढते, मग शरीर अचानक ब्रेक लावते: नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त कमी पडते. रिकामे पोट, अपुरी झोप, उकाडा आणि तासभर उभे राहून काढलेली रांग यांची त्यात भर पडते. शेवटची गोष्ट पूर्णपणे आयोजकांच्या हातात आहे.

उपाय फुकटचे आहेत, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहतात. सुई टोचण्याआधी दहा ते तीस मिनिटे अर्धा लिटर साधे पाणी प्यायचे. घोट घोट नव्हे, पाच मिनिटांत संपवायचे. पाण्याने रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंना चालना मिळते आणि रक्तदाब तासभर सावरून राहतो. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायलात का, असे विचारणे पुरेसे नाही. ग्लास हातात द्यावा लागतो. दुसरा उपाय स्नायूंचा. खाटेवर पायावर पाय टाकायचा, मांड्या, नितंब आणि पोटाचे स्नायू पाच सेकंद घट्ट आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे, श्वास रोखायचा नाही, सुई असलेला हात सैल ठेवायचा. सुई जाताना, सुई निघताना आणि उठून बसण्यापूर्वी हे जरूर करायचे. पायांत साठलेले रक्त त्यामुळे वर ढकलले जाते. आणि हाताला काम असले की डोक्यातली भीतीही जरा मागे सरते.

बहुतेक भोवळी सुई आत असताना येत नाहीत. त्या सुई काढताना किंवा त्यानंतरच्या काही मिनिटांत, नेमक्या उठून उभे राहिल्यावर येतात. म्हणून दात्याने खाटेवरून थेट दाराकडे जाऊ नये. दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे, मग आधाराने खुर्चीत, आणि तिथे किमान दहा-पंधरा मिनिटे. काही थोड्यांना तासा-दोन तासांनी, बाहेर गेल्यावर, कधी जिन्यात, कधी स्वच्छतागृहात घेरी येते, आणि इजा होते ती बहुधा अशा वेळी. चक्कर आल्यासारखे वाटताच जिथे असाल तिथे खाली बसा किंवा आडवे व्हा, लाज धरून भिंतीला टेकून उभे राहू नका, हे एक वाक्य प्रत्येक नव्या दात्याला बाहेर पडताना सांगितले पाहिजे. चेहरा पांढरा पडणे, घाम, जांभया, मळमळ ही आधीची चिन्हे आहेत. जांभई देणारा मुलगा कंटाळलेला नसतो.

टोचण्याच्या कौशल्याबद्दल थोडक्यात. त्वचा निर्जंतुक करून ती पुरती वाळू द्यायची आणि शीर सापडते का म्हणून पुन्हा बोट लावायचे नाही. पहिले वीस-तीस मिलिलिटर रक्त वेगळ्या छोट्या पिशवीत वळवले की त्वचेवरचे जंतू मुख्य पिशवीत जात नाहीत आणि चाचण्यांचे नमुनेही त्यातूनच घेता येतात. हातातून झिणझिणी विजेसारखी बोटांपर्यंत गेली तर मज्जातंतूला धक्का लागला आहे. सुई तत्काळ काढायची. रक्त लालभडक असेल आणि पिशवी तीन-चार मिनिटांतच भरत आली तर शिरेऐवजी धमनीत सुई गेली आहे. तीही लगेच काढून दहा मिनिटे जोरात दाबून धरायची. नवशिक्या तंत्रज्ञाने नवशिक्या दात्यावर हात साफ करू नये. पहिल्यांदा येणारा नेहमी अनुभवी हाताखाली जायला हवा.

भोवळ निदान डोळ्यांना दिसते. लोह मुकाट्याने घटते, आणि तिथेच सर्वांत मोठी फसगत आहे. ‘दिलेले रक्त चोवीस तासांत भरून येते’ असे सर्रास सांगितले जाते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत भरून येते ते रक्ताचे आकारमान, म्हणजे पाणी. तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. आणि लोहाचे काय? एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. हिमोग्लोबिन १३ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम) असेल तर ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जाते, ३५० बरोबर दीडशेच्या वर. पुरुषाच्या शरीरातली शिल्लक साधारण १००० मिलिग्रॅम असते. पाळी येणाऱ्या स्त्रीची ३०० च्या आसपास, किशोरवयीन मुलीची बरेचदा त्याहून कमी. रोजच्या आहारातून आत येते एक ते दोन मिलिग्रॅम. एका रक्तदानात मुलीची दोन-तृतीयांश शिल्लक संपू शकते.

अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे मोजून दाखवले. रक्त दिलेल्यांपैकी अर्ध्यांना रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह दिले, अर्ध्यांना नाही. ज्यांची लोहाची शिल्लक आधीच कमी होती, त्यांना गेलेल्या हिमोग्लोबिनपैकी ८० टक्के भरून काढायला गोळ्यांसह ३२ दिवस लागले; गोळ्यांविना १५८. आणि गोळ्या न घेतलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांची लोहाची शिल्लक १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाली नव्हती. इंग्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक दात्यांवर दोन वर्षे झालेल्या ‘इंटरव्हल’ चाचणीत पुरुषांना १२, १० आणि ८ आठवड्यांनी, स्त्रियांना १६, १४ आणि १२ आठवड्यांनी बोलावून पाहिले. अंतर कमी केले तसे रक्त जास्त जमले, आणि तशीच थकवा, चक्कर, लोहाची कमतरता आणि ‘हिमोग्लोबिन कमी आहे, आज नको’ म्हणून परत जाणारेही वाढले.

या आकड्यांच्या उजेडात तरुणांसाठीची सर्वांत गाजलेली योजना पाहू. १९८९ मध्ये झिंबाब्वेत ‘प्लेज २५’ नावाचा मंच सुरू झाला. एचआयव्हीच्या साथीने रक्तपुरवठा धोक्यात आला होता, आणि शाळा सोडणाऱ्या मुलांनी प्रतिज्ञा करायची की पंचविशीपर्यंत पंचवीस वेळा रक्त देऊ, आणि रक्त देण्यालायक राहता येईल असे वागू. पुढे अनेक देशांनी ती उचलली. कल्पना अस्सल आहे, कारण तिने एका दिवसाऐवजी पुढची सात-आठ वर्षे मागितली. पण पंचवीस हा आकडा टाळीला शोभतो, शरीराला नाही. अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला सात वर्षांत पंचवीस म्हणजे वर्षाला साडेतीनहून जास्त. ४५० च्या पिशवीने वर्षाला ७०० मिलिग्रॅमच्या वर लोह गेले, रोजचे सुमारे दोन मिलिग्रॅम. त्यात शरीराची रोजची झीज आणि पाळी मिळवा. मुलीकडून हे मागणे म्हणजे तिला अशक्तपणाकडे ढकलणे. आमच्या मते मुलींसाठी वर्षातून दोन वेळा आणि मुलांसाठी तीन वेळा ही समजूतदार गती आहे, देशाचा नियम याहून अधिक वेळा परवानगी देत असला तरी. नियमातले अंतर ही किमान मर्यादा असते. तिला लक्ष्य समजणे हीच चूक.

हिमोग्लोबिन हे लोहाच्या शिल्लकेचे माप नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. खाते रिकामे होईपर्यंत खिशातले पैसे कमी होत नाहीत, तसे हे आहे. शिबिरात बोटातून थेंब काढून निळ्या मोरचुदाच्या द्रावणात टाकतात. द्रावणाची घनता १.०५३ असते, आणि थेंब झटकन बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे असे धरतात. झटपट गाळणी म्हणून ठीक. पण बोट पिळून काढलेला थेंब ऊतकातल्या पाण्याने पातळ होतो आणि धडधाकट मुलगी नापास ठरते. आणि लोहाची शिल्लक किती हे तर ही चाचणी सांगतच नाही. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे लोह साठवून ठेवणारे प्रथिन, मोजावे लागते. दर वेळी दर दात्याचे मोजणे खर्चिक आहे, मान्य. पण नियमित देणाऱ्या मुलींचे वर्षातून एकदा मोजले, तर पेन आणि टोपीवर होणाऱ्या खर्चाचा त्याहून चांगला उपयोग होईल.

परत पाठवण्याची रीत हा आणखी एक दुखरा भाग. धीर करून आलेल्या मुलीला टेबलापाशी ‘हिमोग्लोबिन नाही तुला, हो बाजूला’ असे मैत्रिणींसमोर सांगितले, तर ती कायमची बाजूला होते. पहिल्याच खेपेला नाकारलेले तरुण पुन्हा फार कमी संख्येने येतात. तिला तीन गोष्टी लिहून द्यायला हव्यात: आजचा आकडा, डॉक्टरांना भेटून काय विचारायचे ते, आणि पुन्हा येण्याची तारीख. टॅटू, प्रतिजैविके, दातांचे उपचार, हिवताप, प्रवास या कारणांनी थांबायचे दिवस देशोदेशी वेगळे आहेत; तिथल्या नियमाप्रमाणे जे असतील ते, पण तारीख मात्र नक्की सांगावी. ‘नंतर कधीतरी या’ ही तारीख नव्हे.

तरुणांवर दबाव आणू नये याचे कारण नुसते सभ्यपणाचे नाही. विषाणूची लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात. एचआयव्हीच्या बाबतीत प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला सुमारे तीन आठवडे, विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या नॅट चाचणीला सुमारे दहा-अकरा दिवस. या दिवसांत रुग्णाचे रक्षण करतो तो फक्त दात्याचा खरेपणा. प्राध्यापक दारात उभे आहेत, हजेरी मिळणार आहे, सगळा वर्ग रांगेत आहे आणि प्रश्नावली मित्राच्या खांद्याला खांदा लावून भरायची आहे. अशा वेळी कुणीही ‘गेल्या महिन्यात असुरक्षित संबंध आला’ असे लिहीत नाही. म्हणून प्रश्न आडोशाला विचारावेत, आणि रक्त दिल्यानंतरही ‘माझे वापरू नका’ असे कारण न देता कळवण्याची सोय असावी. काही जण रक्तदानाला येतात ते फुकटात तपासणी होईल म्हणून. त्यांना तपासणी कुठे होते ते शिबिराच्या जाहिरातीतच सांगून टाकावे. ते रांगेत येणे सर्वांत धोक्याचे. बदली दात्याच्या पद्धतीतही हाच रोग आहे: मामा ऑपरेशनला आत आहेत आणि भाच्याला विचारले जाते, तुला काही त्रास आहे का. जागतिक आरोग्य सभेने १९७५ मध्येच मोबदला न घेता स्वेच्छेने होणाऱ्या रक्तदानाचा ठराव केला, त्यामागे हेच शहाणपण होते.

भेटवस्तूंनी संख्या वाढते हे नाकारण्यात अर्थ नाही, वाढते. पण त्यातले काही दाते शेजारच्या शिबिरातून सरकलेले असतात, आणि वस्तूचे मोल जसे वाढते तसा खोटे उत्तर देण्याचा मोहही वाढतो. रक्त दिल्यावर विश्रांतीसाठी सुट्टी, हिमोग्लोबिनची नोंदवही, फेरिटिनचा अहवाल हे दात्याच्या उपयोगाचे आहे आणि विकता येत नाही. आमची पसंती त्याला.

आता विक्रमाऐवजी काय करता येईल ते पाहू. तीनशे इच्छुक असलेल्या महाविद्यालयाने एका दिवसात तीनशे पिशव्या देण्याऐवजी आठवड्याला पंचवीस द्याव्यात, ठरलेल्या वारी. बारा आठवड्यांत तीनशे होतात, आणि तेराव्या आठवड्यात पहिल्या पंचविसांचे अंतर पूर्ण झालेले असते. चक्र फिरू लागते. मुलींनी एक फेरी सोडून, म्हणजे २४ आठवड्यांनी यावे. मुलांनी वर्षातली एक फेरी विश्रांतीची ठेवावी. गाळलेल्या जागा नव्यांनी भरायच्या. पंचवीस जणांना तीन खाटा पुरतात, रांग लागत नाही, पाण्याचा ग्लास हातात देण्याइतका वेळ स्वयंसेवकाला मिळतो, आणि सगळ्या पिशव्या वेळेत सेंट्रिफ्यूजपर्यंत पोचतात. परीक्षा आणि सुट्ट्यांचे आठवडे नेमके रक्ताच्या टंचाईचे असतात, म्हणून त्या दिवसांसाठी गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी आधी करून ठेवायची. यात छायाचित्राला शोभेल असे काही नाही, हे खरे. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला विचारा, तो मात्र खूश असेल.

मधल्या बारा आठवड्यांत दात्याकडे काय पोचते, यावरही बरेच अवलंबून आहे. स्वीडनमध्ये रक्त रुग्णालयाकडे रवाना झाले की दात्याच्या फोनवर निरोप येतो. तुमचे रक्त वापरले गेले, एवढाच. सणावाराच्या शुभेच्छा, घोषणा आणि हृदयाची चित्रे यांच्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करते, कारण त्यात माहिती असते. पहिल्यांदा देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एक फोन हवा: हात कसा आहे, काळेनिळे झाले का, चक्कर आली का. काळेनिळे झाले असेल तर पहिल्या दिवशी थंड शेक, जड उचलू नका, आठवड्याभरात जाईल, एवढे सांगितले की निम्म्या भीतीचा बंदोबस्त होतो. न सांगितलेला डाग घरच्यांना दिसतो आणि ते पुन्हा जाऊ देत नाहीत. मग अंतर पूर्ण होण्याच्या चार-पाच दिवस आधी दुसरा निरोप, त्यात वार, वेळ आणि जागा; ‘इच्छा असल्यास संपर्क साधा’ असले मोघम काही नको. हे दोन्ही निरोप ‘समिती’ने पाठवायचे असे ठरले की कुणीच पाठवत नाही. पंचविसांच्या प्रत्येक गटामागे एका विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले असावे, तो उत्तीर्ण होऊन जाताना वही पुढच्या वर्षीच्या कुणाच्या हाती देईल हेही त्याच वहीत लिहिलेले असावे, आणि वर्षअखेरीस फलकावर आकडा लावायचाच असेल तर तो या वहीतून काढावा: यंदा पहिल्यांदा किती आले, आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी यंदा किती परतले.